तेल आणि तैनाती फौज

१९ ऑगस्ट १९५३ रोजी तेहेरानच्या रस्त्यांवर रणगाडे आले आणि इराणचे पंतप्रधान डॉ. महंमद मोसादेघ यांच्या घरावर तोफा डागल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ते स्वतः स्वाधीन झाले. लष्करी न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. ती भोगून झाल्यावरही त्यांची खरी सुटका झाली नाही. अहमदाबाद नावाच्या आपल्या खेड्यात ते अखेरपर्यंत स्थानबद्ध राहिले आणि ५ मार्च १९६७ रोजी त्याच स्थितीत वारले. त्यांचा अपराध कोणता? आमच्या भूमीतले तेल आमच्या देशाचे आहे असे त्यांनी म्हटले, आणि नुसते म्हणून न थांबता आपल्या मजलिसच्या कायद्याने ते खरे करून दाखविले, एवढाच!

डॉ. मोसादेघ यांचे सरकार इराणी जनतेच्या संतापाने उलथून पडले, असे त्या वेळी जगाला सांगण्यात आले. वस्तुतः तो डाव लंडन आणि वॉशिंग्टन येथील गुप्तहेर खात्यांनी मिळून मांडला होता. त्यासाठी वृत्तपत्रे विकत घेण्यात आली, मजलिसचे सभासद फितविण्यात आले आणि भाडोत्री जमाव रस्त्यावर उतरविण्यात आला. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याने त्या काळच्या कागदपत्रांचा जो खंड १९८९ साली प्रसिद्ध केला, त्यात या कारस्थानाची वार्ताही नव्हती. सी. आय. ए.ची स्पष्ट कबुली असलेले कागद उजेडात यायला २०१३ साल उजाडावे लागले. साठ वर्षे ज्याला जनतेचा उठाव म्हटले गेले, तो परक्या पैशाने भरविलेला बाजार होता, हे अशा रीतीने त्या बाजाराच्या चालकांनीच मान्य केले.

हे जुने प्रकरण आज उकरून काढण्याचे आम्हाला कारण आहे. तेलाने संपन्न असलेल्या परक्या प्रदेशात बलाढ्य राष्ट्रे पुनःपुन्हा का घुसतात, या प्रश्नाचे उत्तर जितके स्वच्छ इराणात मिळते, तितके दुसरीकडे क्वचितच मिळेल. सामान्य समजूत अशी की, बलाढ्य राष्ट्राला तेलाची गरज असते आणि गरजवंताला अक्कल नसते, म्हणून तो दुसऱ्याच्या पानातले ओढून घेतो. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. इतकेच नव्हे, तर ते बलाढ्यांना सोयीचे आहे. भुकेल्याच्या हातून घडलेल्या चोरीला समाज थोडी तरी क्षमा करतो. परंतु येथे भुकेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता हुकमतीचा. तेल कोणी काढावे, कोणाला विकावे, कोणत्या भावाने विकावे आणि त्याच्या हिशेबाच्या वह्या कोणी पाहाव्यात, हे ठरविण्याचा अधिकार ज्या दिवशी जमिनीचा धनी मागतो, त्या दिवशी त्याच्या दारात परकी आरमारे उभी राहतात. तोपर्यंत तो धनी कितीही जुलमी असो, कितीही मागासलेला असो, त्याच्याशी बलाढ्यांचे उत्तम जमते!

मक्तेदार आणि त्याचे पहारेकरी

या कथेचा प्रारंभ मराठी वाचकाला फार ओळखीचा वाटेल. २८ मे १९०१ रोजी इराणच्या मुझफ्फरुद्दीन शहाने विल्यम नॉक्स डार्सी नावाच्या इंग्रज धनिकाला तेल शोधण्याची सनद दिली. मुदत साठ वर्षे. क्षेत्र उत्तरेचे पाच प्रांत वगळून जवळजवळ सारा देश. मोबदला रोख वीस हजार पौंड, तितक्याच किमतीचे भाग आणि निव्वळ नफ्यातला सोळा टक्के हिस्सा. ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या खाणीत गबर झालेल्या या डार्सीने इराणच्या भूमीवर कधी पाऊलसुद्धा ठेवले नाही. पैसा संपत आला तेव्हा ब्रह्मदेशातील तेलावर वाढलेली बर्मा ऑइल कंपनी त्याच्या मदतीला धावली. २६ मे १९०८ रोजी मशीद-इ-सुलेमान येथे तेलाचा फवारा उडाला आणि पुढच्याच वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली.

त्या विहिरींवर पहारा कोणाचा होता? हिंदुस्थानातून पाठविलेल्या बंगाल लान्सर्सच्या एका लहानशा तुकडीचा! सनद कंपनीची, भूमी इराणची आणि बंदुका हिंदी शिपायांच्या खांद्यावर, असा हा त्रिवेणी संगम होता. १९१४ साली ब्रिटिश आरमाराचे प्रमुख चर्चिल यांनी पार्लमेंटला पटवून या कंपनीचे एक्कावन्न टक्के भाग सुमारे वीस लक्ष पौंडांना सरकारसाठी विकत घेतले, कारण युद्धनौका कोळशाऐवजी तेलावर चालू लागल्या होत्या. व्यापारी आणि राजसत्ता यांत नावापुरते जे अंतर होते, तेही त्या दिवशी संपले. 'कंपनी सरकार' हा शब्द आम्हाला नवा नाही. तराजू घेऊन आलेला पाहुणा पुढे काय काय मागतो, हे या देशाने दीडशे वर्षे पाहिले होते.

त्याच वर्षी महायुद्ध पेटले. तुर्कस्तानशी युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ६ नोव्हेंबर १९१४ रोजी, इराणी आखाताच्या उत्तर टोकाशी फाओ येथे हिंदी फौज उतरली. अबादानच्या तेल कारखान्याचे आणि तेलवाहिनीचे रक्षण हा तिच्या प्रमुख हेतूंपैकी एक होता. त्या फौजेचे नाव होते सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. सातारा-रत्नागिरीकडच्या ज्या शेतकऱ्यांच्या मुलांनी तेलाची विहीर कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, ते तिच्यासाठी टायग्रिसच्या चिखलात लढले. पुढे हीच डिव्हिजन बगदादच्या मोहात वर सरकली, कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली आणि उपासमारीने टेकीला येऊन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांतली हजारो वाळवंटातील पायपिटीत आणि बंदिवासात मेली. परक्याच्या तेलासाठी परक्याच्या भूमीवर आमची माणसे मेली. त्यांना कोणी विचारले नव्हते, कारण त्या वेळी आम्हीही कोणाच्या तरी मालकीचे होतो.

अबादानचा उजेड आणि अंधार

अबादान येथे पुढे जगातला सर्वांत मोठा तेल शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्यांना हिरवळीचे बंगले, क्लब आणि पोहण्याचे तलाव होते. इराणी मजुरांच्या एका वस्तीला 'कागझाबाद', म्हणजे कागदाचे गाव, असे नाव पडले होते. ज्या देशाच्या तेलावर ब्रिटनचे आरमार चालले, त्या देशाचा मजूर रात्री अंधारातच बसत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. रेझा शहाने १९३२ साली डार्सीची सनद रद्द करून पाहिली. परंतु १९३३ साली जो नवा करार झाला, त्याने कंपनीचा मक्ता उलट १९९३ पर्यंत लांबविला. हाच रेझा शहा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडे झुकल्याचा संशय येताच ब्रिटन आणि रशिया यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये दोन्ही बाजूंनी इराणात सैन्य घुसविले आणि त्याला सिंहासन सोडावयास लावले. त्याला घेऊन निघालेली बोट मुंबईपर्यंत आली, पण त्याला येथे उतरू दिले नाही. आमच्या बंदरासमोरून तो पदच्युत राजा मॉरिशसला रवाना झाला. तेलाच्या राजकारणात राजांची किंमत किती असते, हे मुंबईने तेव्हा समोरच पाहिले होते.

महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारला कंपनीकडून कराच्या रूपाने मिळणारी रक्कम इराणला मिळणाऱ्या स्वामित्वधनापेक्षा मोठी होती. इराणने हिशेब मागितला, तर वह्या दाखविण्यास नकार मिळे. शेजारच्या सौदी अरेबियात अमेरिकन कंपनीने डिसेंबर १९५० मध्ये निम्मा नफा देण्याचे कबूल केले, तरी लंडनचे डोळे वेळेवर उघडले नाहीत. अखेर मार्च १९५१ मध्ये इराणच्या मजलिसने तेलाच्या राष्ट्रीयीकरणाचा ठराव मंजूर केला आणि एप्रिलच्या अखेरीस डॉ. मोसादेघ पंतप्रधान झाले.

हा दरोडा होता काय? मुळीच नाही. कंपनीला नुकसानभरपाई देण्यासाठी तेलाच्या निव्वळ उत्पन्नातून पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम बाजूला ठेवण्याची तरतूद त्या कायद्यातच होती. त्याच सुमारास ब्रिटनच्या मजूर सरकारने आपल्या देशातील कोळशाच्या खाणी, रेल्वे आणि पोलाद यांचे राष्ट्रीयीकरण केले होते. इंग्लंडमधली खाण इंग्रजांची, हा न्याय. मात्र इराणमधली विहीर इराणची, हा अन्याय! ब्रिटनने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. या तंट्यात आपल्याला अधिकार नाही असा निर्णय त्या न्यायालयाने २२ जुलै १९५२ रोजी दिला, आणि खुद्द ब्रिटिश न्यायमूर्तींनी, सर आर्नल्ड मॅकनेअर यांनी, त्या बहुमताच्या बाजूने मत दिले. न्यायमूर्तींचा हा प्रामाणिकपणा त्यांच्या सरकारला मात्र पेलला नाही. कायद्याचा दरवाजा बंद झाल्यावर चोरदरवाजा शोधला गेला.

भूक नव्हे, हुकमत

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. ब्रिटनने इराणी तेलावर बहिष्कार घातला. १९५२ साली ते तेल घेऊन निघालेली 'रोझ मेरी' ही बोट एडनला अडविण्यात आली. इराणची निर्यात जवळजवळ थांबली. मग जग अंधारात बुडाले काय? कारखाने बंद पडले काय? नाही. कुवेत, सौदी अरेबिया आणि इराक येथील उत्पादन वाढविण्यात आले आणि १९५२ साली जगातील तेलाचे एकूण उत्पादन १९५० सालापेक्षा अधिक भरले. खुद्द अमेरिकेच्या भूमीतून तर १९५० साली जगातल्या निम्म्याहून अधिक कच्चे तेल निघत होते. ज्या देशाचे स्वतःचे रांजण असे भरलेले आहे, तो तहानेने व्याकुळ होऊन शेजाऱ्याच्या विहिरीवर गेला, यावर कोण विश्वास ठेवील?

सत्तांतरानंतर जे घडले ते तर याहून बोलके आहे. १९५४ साली इराणचे तेल एका कंपन्यांच्या मंडळाकडे सोपविण्यात आले. जुन्या ब्रिटिश कंपनीला चाळीस टक्के, पाच बड्या अमेरिकन कंपन्यांना मिळून चाळीस टक्के, शेलला चौदा आणि फ्रेंच कंपनीला सहा टक्के असा वाटा ठरला. ज्या तेलात १९५१ पर्यंत अमेरिकनांचा वाटा शून्य होता, त्यात ते एकदम निम्म्याच्या जवळ जाऊन बसले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, त्याचे याहून सुंदर उदाहरण मिळणे कठीण! परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बाजारात तेल मुबलक असल्यामुळे त्या अमेरिकन कंपन्या या बिळात शिरण्यास फारशा उत्सुक नव्हत्या. त्यांच्या सरकारने त्यांना भरीस घातले, आणि त्यांच्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली चाललेली फौजदारी कारवाई सौम्य करून त्यांचा मार्ग मोकळा केला. व्यापाऱ्याला माल नको आहे आणि सरकार त्याला दुकान मांडण्याचा आग्रह करीत आहे, हे दृश्य गरजेचे नव्हे. ते राज्यविस्ताराचे आहे.

भय होते ते उदाहरणाचे. १९३८ साली मेक्सिकोने परकी तेल कंपन्या ताब्यात घेतल्या होत्या. त्यानंतर इराणही तसाच सुटला, तर उद्या व्हेनेझुएला, परवा इराक, तेरवा कुवेत आणि सौदी अरेबिया. मग सनदांची ती सारी भेंडोळी रद्दीच्या भावाने गेली असती. एका घराने भाडेकरूला बाहेर काढले तर साऱ्या चाळीचे धनी जागे होतील, ही धास्ती होती. आणि ते जागे झालेच. ऑगस्ट १९६० मध्ये बड्या कंपन्यांनी धन्यांना न विचारता तेलाचा जाहीर भाव उतरविला. पुढच्याच महिन्यात इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला यांनी बगदादला जमून तेल उत्पादक राष्ट्रांची संघटना, 'ओपेक', स्थापन केली.

तेलाची तोटी ज्याच्या हाती, त्याच्यापुढे मित्रही नमतात, हे १९५६ सालच्या सुएझ प्रकरणाने दाखवून दिले. नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले म्हणून ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इस्रायलशी संगनमत करून इजिप्तवर स्वारी केली. कालवा बंद पडला, युरोपचे तेल अडले. तेव्हा अमेरिकेने, सैन्य मागे घेतल्याशिवाय तेलही मिळणार नाही आणि पौंडाला आधारही मिळणार नाही, असे आपल्या या जिवलग दोस्तांना स्वच्छ बजावले, आणि जगावर राज्य केलेला ब्रिटन काही आठवड्यांत माघारी फिरला. येथे अमेरिकेची बाजू न्यायाची होती, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु ज्या शस्त्राने तिने हा न्याय करविला, ते शस्त्र कशासाठी जपले जाते याचा उलगडाही तेथेच होतो.

आक्षेप आणि उत्तरे

कोणी म्हणतील, इराणात तेलापेक्षा साम्यवादाचे भय मोठे होते. ते भय अगदीच काल्पनिक होते असे आम्ही म्हणत नाही. इराणात तुदेह पक्ष बलवान होता; महायुद्ध संपल्यावरही रशियाने १९४६ मध्ये उत्तर इराणातून सैन्य हलविण्यास टाळाटाळ केली होती आणि तेलाची सनद मागितली होती. तेलाचा लोभ केवळ भांडवलशाही राष्ट्रांनाच सुटतो असे मुळीच नाही. १९९० साली कुवेत गिळणारा सद्दाम हुसेन तरी कोणत्या धर्मकार्यासाठी निघाला होता? पळसाला पाने तीनच. परंतु डॉ. मोसादेघ हे साम्यवादी नव्हते; ते जमीनदार घराण्यात जन्मलेले, युरोपात कायदा शिकलेले राष्ट्रवादी गृहस्थ होते. ट्रुमन यांनी त्यांच्याविरुद्धच्या कटास हात दिला नाही. आयसेनहॉवर यांनी तो दिला, कारण इंग्रजांनी तेलाचे गाऱ्हाणे साम्यवादाच्या कापडात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवले. वस्त्र बदलले, आतली वस्तू तीच होती.

डॉ. मोसादेघ यांच्याही चुका झाल्या. तडजोडीच्या संधी त्यांनी दवडल्या. शेवटी तर सार्वमत घेऊन मजलिसच बरखास्त केली, आणि त्यामुळे त्यांचे कित्येक सहकारी त्यांना सोडून गेले. परंतु आपल्या पंतप्रधानाच्या चुकांचा जाब विचारण्याचा अधिकार इराणी मतदारांचा होता. तो परक्या गुप्तहेरांनी पैशाच्या थैल्या मोकळ्या करून बजावावयाचा नव्हता.

वसईचा तह, पुन्हा एकदा

या सत्तांतराने इराणला काय मिळाले? परत आलेला शहा मिळाला आणि त्याची गुप्त पोलीस संघटना मिळाली. तेलाचा पैसा वाढत गेला, तसतसा शहा अमेरिकेकडून अब्जावधी डॉलरांची शस्त्रे घेत गेला. हे वाचताना आम्हाला ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाचे स्मरण होते. दुसऱ्या बाजीरावाने गादी परत मिळावी म्हणून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. तिच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांच्या संमतीवाचून इतरांशी व्यवहार न करण्याचे कबूल केले. पेशव्यांच्या रक्षणासाठी आलेली फौज पेशव्यांवरच पहारा करू लागली आणि तिचा पगारही त्यांच्याच महसुलातून निघू लागला. सोळा वर्षांनी पेशवाई बुडाली. गादी राखण्यासाठी जो राजा परक्याची फौज आणतो, त्याच्यापाशी अखेर गादीही राहत नाही आणि प्रजाही राहत नाही.

शहाचे तसेच झाले. १९७९ साली त्याची राजवट कोसळली, आणि तिच्या जागी जे आले ते लोकशाही नव्हते, कारण लोकशाहीचे रोप १९५३ सालीच उपटले गेले होते. शहाला अमेरिकेत प्रवेश मिळताच तेहेरानच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकन वकिलातीत घुसून कर्मचाऱ्यांना ओलीस धरले. त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु १९५३ प्रमाणे पुन्हा याच वकिलातीतून कट शिजेल, हे भय त्यांच्या मनात कोणी पेरले होते? ४४४ दिवस अमेरिकेला ज्या संकटाने हैराण केले, त्याचे बी तिनेच पंचवीस वर्षांपूर्वी टाकले होते.

त्यावरून बोध घेतला गेला काय? उलट, जानेवारी १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी जाहीर केले की, इराणी आखातावर ताबा मिळविण्याचा कोणत्याही बाह्य शक्तीचा प्रयत्न हा अमेरिकेच्या जिव्हाळ्याच्या हितावरील हल्ला समजला जाईल आणि लष्करी बळानेही परतविला जाईल. हजारो मैल दूर असलेली अमेरिका स्वतः मात्र 'बाह्य' या सदरात मोडत नव्हती! पुढे १९९१ चे युद्ध झाले. २००३ साली संहारक शस्त्रांचे निमित्त पुढे करून इराकवर स्वारी झाली. ती शस्त्रे सापडली नाहीत. एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडले, तेव्हा सुमेर-बाबिलोनचा वारसा जपणारे राष्ट्रीय संग्रहालय दिवसाढवळ्या लुटले गेले आणि त्याच शहरातील तेलखात्याच्या इमारतीवर मात्र अमेरिकन सैनिकांचा चोख पहारा होता. विजेत्याच्या मनात काय आहे, हे तो पहिला पहारेकरी कोठे उभा करतो यावरून कळते.

आणि गरजेचा युक्तिवाद तर २०१८ साली पुरताच निकालात निघाला. त्या वर्षी अमेरिका कच्च्या तेलाच्या उत्पादनात जगात पहिली आली. गरजच कारण असती, तर आखातातील तिचा पसारा आवरला गेला असता. तसे झाले नाही. विहिरी आपल्या अंगणात आल्या, तरी दुसऱ्याच्या अंगणातला पहारा उठला नाही.

आणि आम्ही?

परंतु केवळ इतरांच्या नावाने बोटे मोडून भागणार नाही. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी चार-पंचमांशांहून अधिक तेल बाहेरून येते. आखातात आग लागली की तिची धग मुंबईच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचते. १९९० साली कुवेत संकटात सापडले, तेव्हा एक लाख सत्तर हजारांवर भारतीयांना मायदेशी आणावे लागले, तेल भडकले, आणि आधीच खिळखिळ्या झालेल्या परकीय चलनाच्या तिजोरीवर त्याचा असा आघात झाला की, १९९१ साली रिझर्व्ह बँकेचे सुमारे सत्तेचाळीस टन सोने विमानाने परदेशी तारण पाठवावे लागले. परक्यांच्या तेलयुद्धाची किंमत आम्ही सोन्याने मोजली आहे.

या प्रश्नात आमची वागणूक कशी राहिली? ती कधी मान उंचावणारी, तर कधी खाली घालावयास लावणारी आहे. १९५१ साली इराणचा प्रश्न सुरक्षा समितीपुढे आला, तेव्हा भारत तिचा सभासद होता. ब्रिटनच्या ठरावाची धार बोथट करणाऱ्या दुरुस्त्या आम्ही युगोस्लाव्हियाच्या जोडीने मांडल्या. पण त्याच सुमारास परकी कंपन्यांनी तुर्भ्याला तेल शुद्धीकरण कारखाने काढावेत म्हणून, पंचवीस वर्षे त्यांचे राष्ट्रीयीकरण न करण्याचे अभिवचन आम्हीच त्यांना देऊन बसलो. १९६० साली रशियाचे स्वस्त तेल मिळत असता या कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास साफ नकार दिला. घर आमचे, चूल त्यांची, आणि काय शिजवावे हेही तेच ठरविणार! केशवदेव मालवीय यांच्यासारख्या मंत्र्याने सरकारी तेलसंशोधनाचा आग्रह धरला, १९६० साली अंकलेश्वरला आणि १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल लागले, आणि १९७४ ते १९७६ या काळात तुर्भ्याचे ते दोन्ही कारखाने राष्ट्राच्या मालकीचे झाले. तेव्हा कोठे चूल आमची झाली. डॉ. मोसादेघ यांनी जे केले तेच आम्ही तेवीस वर्षांनी केले. फरक इतकाच की, तोवर जग बदलले होते. आणि ते बदलण्यासाठी त्यांनी किंमत मोजली होती.

१९९१ च्या युद्धात अमेरिकन लष्करी विमानांना मुंबईच्या विमानतळावर इंधन भरू देण्यात आले. लोकांनी आरडाओरडा केल्यावर ते थांबले. २००३ साली मात्र लोकसभेने इराकवरील स्वारीची एकमुखाने निंदा केली, आणि अमेरिकेने इराकात भारतीय सैन्य मागितले तेव्हा १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने नकार दिला. आमच्या मते स्वतंत्र भारताच्या परराष्ट्रनीतीतील हा एक मानाचा दिवस होय. १९१४ साली पुणे डिव्हिजनला कोणी विचारले नव्हते. २००३ साली विचारले गेले आणि उत्तर 'नाही' असे आले. कूतच्या वाळूत पडलेल्या त्या मराठा शिपायांचे ऋण अंशतः तरी त्या दिवशी फिटले.

परंतु मे २०१९ पासून आम्ही इराणचे तेल घेणे थांबविले. इराणने आमचे काही बिघडविले होते म्हणून नव्हे, संयुक्त राष्ट्रसंघटनेचा तसा ठराव होता म्हणूनही नव्हे; वॉशिंग्टनने दिलेली सवलत मागे घेतली म्हणून! कोणाकडून तेल घ्यावे हे तिसऱ्याच राष्ट्राने ठरवावे आणि आम्ही ते निमूटपणे मानावे, याचा अर्थ काय? आता फौज बोटीतून उतरावी लागत नाही. बँकेच्या खातेवहीतूनही ती दाराशी येऊन उभी राहते. 'इतरांशी व्यवहार करावयाचा नाही' हे वसईच्या तहातले कलम आम्ही पुन्हा वाचून पाहावे.

म्हणून आमचे सरकारला निक्षून सांगणे आहे. तेलाचा धनी कोण, या एकाच कसोटीवर भारताने प्रत्येक प्रसंगी आपली भूमिका ठरवावी. हस्तक्षेप करणारा मित्र आहे की शत्रू, हे पाहू नये. आमचा शिपाई, आमचे बंदर आणि आमचा विमानतळ परक्याच्या तेलयुद्धाला कधीही मिळणार नाही, हे धोरण पक्षोपपक्षांच्या वर ठेवावे. तेलाची खरेदी अनेक दारांवर वाटून टाकावी, साठे वाढवावेत आणि तेलाविना चालणाऱ्या उद्योगाला व वाहतुकीला केवळ भाषणांतून नव्हे, तर अंदाजपत्रकातून बळ द्यावे. जो चार-पंचमांश तेल मागून आणतो, त्याच्या निषेधाचा आवाज नेहमीच थोडा घोगरा निघतो. आवाज स्वच्छ हवा असेल तर गरज कमी केली पाहिजे. तेलाची तहान केवळ सरकारला लागत नाही. ती मोटारीतून हिंडणाऱ्या आम्हा मध्यमवर्गीयांनाही लागते, हेही आम्ही विसरता कामा नये.

बळी तो कान पिळी, हा जगाचा जुना न्याय आहे. तो एका लेखाने बदलणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्यांचे कान एकदा पिळले गेले आहेत, त्यांनी तरी दुसऱ्याचा कान पिळला जात असता तोंड फिरवून उभे राहू नये. तुरुंगात आणि अहमदाबादच्या त्या खेड्यात मिळून जवळजवळ चौदा वर्षे शिक्षेत आणि पहाऱ्यात ज्यांनी काढली, त्या वृद्ध पंतप्रधानांची मागणी फार साधी होती: आमचे घर, आमची विहीर, आमचा हिशेब. आम्ही स्वतः त्याहून अधिक काही मागत नाही, आणि इतरांना त्याहून कमी मिळावे असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही.